टीबीचा जंतू अंगात असणं आणि टीबी होणं

शिमग्याला मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या थुंकीत टीबी सापडला की घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी होते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आमच्या वाडीत अशाच एका घरातल्या सुनेची मांटू, म्हणजे हाताच्या कातडीत टोचून करायची टीबीची चाचणी, पॉझिटिव्ह आली. खोकला नाही, ताप नाही, छातीचा फोटो स्वच्छ. तरी तिचं ताट-पेला वेगळा झाला, तिच्या हातचं पाणी कुणी घेईना. मला त्याचा अजून राग येतो.

टीबी झालेला माणूस सगळ्यांना ओळखू येतो. दोन आठवडे न हटणारा खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटणारं वजन. कळत नाही ते दुसरं: जंतू अंगात आहे, पण रोग नाही.

श्वासातून जंतू फुप्फुसात खोल पोचला की तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. इतर बरेच जंतू असे गिळले गेले की पेशीतल्या पाचक रसांत संपतात. हा मात्र ते रस आपल्यापर्यंत पोचू देत नाही आणि गिळणाऱ्याच्याच पोटात वाढतो. काही आठवड्यांनी टी-पेशी, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी, येतात, इंटरफेरॉन गॅमा नावाचं निरोप देणारं रसायन सोडून मॅक्रोफेजना चेव आणतात, आणि सगळ्या मिळून जंतूंभोवती गाठ बांधतात. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. मला ती आपल्याकडच्या जांभ्या दगडाच्या गडग्यासारखी वाटते. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. डागडुजी चालू असेल तर वर्षानुवर्षं गुरं पलीकडेच राहतात. गाठीतल्याही जुन्या पेशी मरतात, नव्या येऊन जागा धरतात.

गडगा उभा आहे, तो संसर्ग. ढासळला, तो रोग. ढासळतो तेव्हा गाठीचा मऊ पडलेला गाभा वितळून श्वासनळीत फुटतो आणि जंतू खोकल्यावाटे बाहेर पडतात. गडगा शाबूत असलेल्या माणसाकडून कुणालाच लागण होत नाही. त्या सुनेकडूनही होणार नव्हती. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण 5 ते 10 टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. एचआयव्हीत टी-पेशीच कमी होतात, म्हणून तिथे धोका फार वाढतो. मधुमेह आणि कुपोषणही गडगा खिळखिळा करतात.

मांटू एवढंच सांगते की टी-पेशींनी जंतू ओळखला. गडगा उभा आहे की पडला, हे ती सांगूच शकत नाही. बीसीजीच्या लसीनेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि 48 ते 72 तासांनी मोजायचा तो कडक फुगवटा, लाली नव्हे!

दुसरी चूक रक्ताच्या रिपोर्टची. ‘पांढऱ्या पेशी नॉर्मल, म्हणजे टीबी नाही’ हे वाक्य मला ऐकवत नाही. लढाई फुप्फुसात चालू असते. रोग असतानाही रक्तातला आकडा पुष्कळदा नॉर्मल येतो. खोकला असेल तर थुंकी द्या, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही थुंकीत थेट जंतू शोधणारी चाचणी करा.

औषधंही वेगळी. रोगाला नेहमीचा कोर्स किमान सहा महिन्यांचा, अनेक औषधांचा. संसर्गाला प्रतिबंधक गोळ्या: आयसोनियाझिड रोज सहा महिने, किंवा ती रिफापेंटिनसोबत आठवड्यातून एकदा, असे 12 डोस. सुनेने हे दुसरं घेतलं. बारावा डोस मिरगाच्या पावसात झाला.