काळा पडलेला कॅटॅलिस्ट आणि मेलेला कॅटॅलिस्ट

"जाळून घेतला, पांढरा झाला, आता नव्यासारखा आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कोणी ते सुरू केलं की मी आधी चहा टाकायला सांगतो. परवा ते भाच्याने ऐकवलं. तो इथेच वडोदऱ्यात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी बायो-ऑइलवर, म्हणजे काडीकचरा तापवून काढलेल्या तेलावर, काम करतो. रविवारी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आला तो खिशात दोन बाटल्या घेऊनच. एकीत कोळशासारखी काळी भुकटी, दुसरीत पिठीसाखरेसारखी पांढरी. दोन्हीत तोच कॅटॅलिस्ट, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ, एक वापरून काळा पडलेला, दुसरा जाळून साफ केलेला. "मामा, बघा, ५५० अंशांना हवेत चार तास. पूर्ण रिजनरेट!"

रंग परत आलाय, मी म्हटलं. बाकीचं कुठे बघितलंस?

कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे, त्यामुळे कोक (कॅटॅलिस्टवर साचणारा कार्बनचा काळा थर) म्हणजे काय हे या गावात फार समजावावं लागत नाही. एफसीसीत, म्हणजे जड तेलाचे रेणू तोडून हलके करणाऱ्या युनिटमध्ये, कॅटॅलिस्ट काही सेकंद तेलाच्या वाफेबरोबर वर जातो, अंगावर कोक घेतो, रिजनरेटरमध्ये ७०० अंशांच्या आसपास तो कोक जाळला जातो आणि त्याच उष्णतेवर पुढचं क्रॅकिंग चालतं. हे सगळ्यांना माहीत असतं. मात्र त्याच युनिटमध्ये ताजा कॅटॅलिस्ट सतत थोडा थोडा घालावा लागतो आणि जुना काढावा लागतो, हे सांगायचं राहून जातं. जाळल्याने सगळंच परत आलं असतं, तर हा खर्च कोणी कशाला केला असता?

कॅटॅलिस्ट झाकला जाणं वेगळं आणि झिजणं वेगळं, एवढाच खरा फरक आहे.

झाकला जातो तो कोकमुळे. झेडएसएम-५ या झिओलाइटची, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या स्फटिकाची, छिद्रं जेमतेम ०.५५ नॅनोमीटरची. त्यांच्या आत आम्लकेंद्रांवर, म्हणजे क्रिया जिथे घडते त्या जागांवर, वलयी रेणू एकमेकांना चिकटून वाढत जातात, आणि बाहेर लाकडातल्या लिग्निनचे फिनॉलिक तुकडे नुसत्या उष्णतेने डिंकासारखे बसतात. केंद्रं शाबूत असतात, रेणूंना तिथवर वाट नसते. कोक जाळला की वाट मोकळी.

झिजतो तेव्हा केंद्रच जातं. झिओलाइटच्या सांगाड्यात जिथे ॲल्युमिनियम बसलेलं असतं तिथेच आम्लकेंद्र असतं. तापलेली वाफ ते ॲल्युमिनियम सांगाड्यातून उचकटते. बायो-ऑइलमध्ये वाफेला तोटा नाही. तेलातच १५ ते ३० टक्के पाणी, वजनाने ३५ ते ४० टक्के ऑक्सिजन, आणि तो ऑक्सिजन काढताना पुन्हा पाणीच होतं. क्रूडमध्ये, म्हणजे खनिज तेलात, ऑक्सिजन १-२ टक्क्यांच्या वर सहसा जात नाही. म्हणून क्रूडवरचे अंदाज इथे तसेच लावले की फसायला होतं.

त्यात कोक जाळणं हीसुद्धा झीजच आहे, आणि माझी खरी चिडचिड इथे आहे. कोकमध्ये हायड्रोजन असतो, तो जळला की पाणी होतं. कार्बन जळताना दर मोलला ३९४ किलोज्यूल उष्णता सुटते. भट्टीचा काटा ५५० दाखवतो तेव्हा कणाच्या आत किती तापलंय हे काट्याला कळत नाही. म्हणजे सफाई करताना आपणच आत गरम वाफ तयार करतो. आजीच्या पितळी पातेल्याचं असंच झालं होतं. तळाला खीर करपली, कोणीतरी शहाणपणा करून करपट जाळायला पातेलं कोरडंच शेगडीवर ठेवलं. करपट गेलं, पण कल्हईही गेली. कथिल २३२ अंशांनाच वितळतं. पातेलं दिसायला स्वच्छ होतं, पण त्यात आंबट वरण करायची सोय राहिली नाही. म्हणून पहिली फेरी नायट्रोजनमध्ये १-२ टक्के ऑक्सिजन मिसळून, तापमान हळूहळू चढवत करावी. पहिल्या मिनिटापासून पूर्ण हवा सोडणाऱ्यांना मी भट्टीपाशी उभं करणार नाही.

हे ओळखायचं कसं? भाच्याने नायट्रोजन चिकटवून पृष्ठफळ मोजलं होतं, ते जवळजवळ पूर्ण परत आलं होतं, आणि तेवढ्यावर स्वारी खूश. पण नायट्रोजन फक्त छिद्रं मोकळी आहेत का ते सांगतो, आत काम करणारं कोणी उरलंय का ते नाही. त्यासाठी अमोनिया चिकटवून, तापवत तापवत सोडवून बघावा लागतो. आलेखात साधारण दोन उंचवटे येतात, दुसरा ४०० अंशांच्या आसपास, तो जोरदार केंद्रांचा. तो खाली बसला असेल तर केंद्रं गेली, पृष्ठफळ कितीही छान असो.

दुसरी खोड म्हणजे गरजेपेक्षा जास्त कॅटॅलिस्ट भरून चाचणी घेणं. रूपांतर १०० टक्के येतं, पाच चक्रं येत राहतं, आणि आलेखाची सरळ रेघ काढून 'स्थिर' म्हणून मिरवतात. निम्मी केंद्रं गेली तरी उरलेली निम्मी पुरत असतात, मग ते दिसणार कसं? कॅटॅलिस्ट इतका कमी घ्या की रूपांतर चाळीस-पन्नास टक्क्यांवर राहील. झीज पहिल्या-दुसऱ्या चक्रातच दिसते.

पोटॅशियमचं प्रकरण मधलं आहे. तेल कपाशीच्या काड्यांचं असो किंवा भुईमुगाच्या टरफलांचं, त्यांच्या राखेतलं पोटॅशियम आम्लकेंद्रावरच्या प्रोटॉनची जागा घेतं. ते जळत नाही. अमोनियम नायट्रेटच्या द्रावणात धुऊन पुन्हा भाजलं तर बरंचसं परत मिळू शकतं. मला विचाराल तर काड्या आधीच धुवा आणि 'चार'ची, म्हणजे काड्यांच्या उरलेल्या कोळशाची, पूड गाळून काढा.

धातूंच्या कॅटॅलिस्टवर तर 'जाळून घेऊ' हे पहिलं उत्तर नसावंच. निकेलचे कण ५९० अंशांच्या आसपास सरकून एकमेकांत मिसळू लागतात, आणि मोठे झालेले कण हवेत भाजल्याने पुन्हा बारीक होत नाहीत. रुथेनियम कार्बनवर बसवलेलं असेल तर हवेत कोकबरोबर आधारच जळून जाईल. असा कॅटॅलिस्ट हवेत जाळावा का, हे मला एकाने अगदी गंभीरपणे विचारलं होतं, त्याची भट्टी तेव्हा चालूही झाली होती.



पंधरा दिवसांनी भाचा अमोनियाचा आलेख घेऊन आला. दुसरा उंचवटा बसला होता, फार नाही, पण नजरेत भरण्याइतका. पांढऱ्या बाटलीवरची 'रिजनरेटेड' ही चिठ्ठी त्याने काढली होती. नवीवर लिहिलं होतं, 'कोक जाळलेला, चक्र १'.