कोळ्याच्या पेटीत कवेलूचा तुकडा

यवतमाळकडच्या आमच्या गावातल्या एका पोरानं मेक्सिकन टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळला. (ही जात सायटिस, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात येते, त्यामुळे वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर तिची नोंदणी लागते, तीही त्यानं केली.) पेटी मात्र हातभर उंच, मधोमध टोकदार दगड. मी आधी तो दगड काढायला लावला.

या कोळ्याचं पोट म्हणजे रक्तद्रवानं भरलेली पातळ कातडीची पिशवी. पायांचे मुख्य सांधे सरळ करायला त्याला स्नायूच नाहीत, ते काम द्रवाचा दाब करतो. वीतभरावरून दगडावर पडून पोट फाटलं तर द्रव वाहून जातो, पाय आखडतात, जीवही जातो. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या जातींसाठी मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीत ठेवतात. झाकणाला बारीक जाळी नको, नख्या अडकतात.

डोळे आठ, पण नजर अधू. जग कळतं ते अंगावरच्या केसांना जाणवणाऱ्या कंपनांतून. त्यामुळे रंगीत खडे आणि प्लास्टिकचा किल्ला आपल्या हौसेसाठी. त्याला हवी अंगाला लागेल अशी अंधारी जागा. पडक्या घराचं जुनं कवेलू (छपरावरचं मातीचं कौल) त्यासाठी फार छान. कड फरशीवर घासून बोथट करा, उकळा, वाळवा, पेटीच्या तळालाच टेकवा आणि मग भोवती कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा. नुसतं वरून ठेवलं तर कोळी खालून उकरतो आणि ते त्याच्याच अंगावर बसतं.

लाकडाची मला जास्त धास्ती वाटते. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं), तुरीच्या काड्या बांधावर फुकट मिळतात, पण त्यांनी हंगामभर फवारे खाल्लेले असतात. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं दगावली. ते औषध उकळून निघेल असा भरवसा धरू नका. कडुनिंबाची फांदीही टाळा: त्यातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन किडींचं कात टाकणं बिघडवतं, आणि कोळीही कात टाकूनच वाढतो. खोक्यांचं वासाचं चिडाचं (पाइनचं) लाकूडही नको. औषध न लावलेला, वाळलेला बांबू चालतो.

कात टाकताना टॅरंटुला उताणा पडतो, तासन् तास. त्याचे पाय पसरतील एवढी सपाट जागा रिकामीच सोडा. त्या वेळी हात लावू नका, नवी कातडी फार मऊ असते. पोराच्या पेटीत आता किल्ला नाही. कवेलूच्या तोंडाशी कोळ्यानं स्वतः विणलेलं पांढरं रेशीम आहे.