बायाए बुडालं कसं? साक्षीदार शिंपले

नेपल्सजवळच्या बायाएच्या पाण्याखालच्या मोझेक फरशांचे व्हिडिओ फिरतात, तेव्हा ‘पापामुळे बुडालेलं शहर’ असा मथळा हमखास असतो. चैन होती, हे खरं. रोमन श्रीमंतांचं हे समुद्रकाठचं विसाव्याचं गाव. नीरोचा इथे वाडा होता, सम्राट हेड्रियन इ.स. 138मध्ये इथेच वारला. तत्त्वज्ञ सेनेका तर ही चैन न रुचून पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी इथून निघून गेला. पण गाव बुडालं ते पापाने नाही, त्सुनामीनेही नाही. जमीनच सावकाश खाली गेली.

याचा पुरावा आखाताच्या पलीकडे, पोत्सुओलीच्या रोमन बाजारात उभा आहे: संगमरवराचे तीन उंच खांब. तळापासून साधारण साडेतीन मीटर ते गुळगुळीत आहेत, आणि त्यावर जवळपास पावणेतीन मीटरचा पट्टा भोकांनी चाळण झालेला. ही भोकं लिथोफॅगा नावाच्या समुद्री शिंपल्याची. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शिंपला आम्लधर्मी स्राव सोडून ते विरघळवतो आणि बिळात राहतो. त्याचं स्वतःचं कवचही कॅल्शियम कार्बोनेटचंच! ते वाचतं कारण त्यावर सेंद्रिय पदार्थाचं जाड आवरण असतं. खालचा भाग गाळात पुरलेला होता, म्हणून शाबूत राहिला. म्हणजे खांब उभेच्या उभे समुद्रात गेले आणि पुन्हा वर आले. चार्ल्स लायलने 1830च्या आपल्या भूविज्ञानाच्या ग्रंथात आरंभीच त्यांचं चित्र छापलं, ते उगीच नाही.

हा सगळा परिसर कांपी फ्लेग्रेई या ज्वालामुखीच्या विशाल कुंडात आहे. खालून मॅग्माची, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाची, उष्णता आणि वायू येतात, सच्छिद्र खडकांतल्या पाण्यावरचा दाब वाढतो आणि जमीन फुगते. भेगांतून दाब सुटला की बसते. यात वाटा मॅग्माचा किती आणि वायू-पाण्याचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. 1538मध्ये मात्र नुसतं फुगण्यावर भागलं नाही: उद्रेक झाला आणि आठवड्याभरात मोंते नुओव्हो, म्हणजे ‘नवा डोंगर’, तयार झाला. 1982 ते 1984मध्ये पोत्सुओली सुमारे 1.8 मीटर वर आलं. बंदर इतकं उथळ झालं की होड्यांची पंचाईत झाली.

2005पासून जमीन पुन्हा वर येतेय, भूकंपही होताहेत. मे 2024मधला 4.4 तीव्रतेचा होता. बायाएचे रस्ते मात्र अजून काही मीटर पाण्याखालीच आहेत. 2002पासून तिथे संरक्षित सागरी उद्यान आहे, आणि पोहता येत नसेल तर काचेच्या तळाची होडी मिळते.