घर शोधणाऱ्यापासून गुप्तवार्ता विश्लेषकापर्यंत

माहितीची चित्रे काढण्याच्या विद्येत एखाद्या संगणकशास्त्रज्ञाचा वाटा किती, हे हल्ली त्याच्या निबंधांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला यावरून ठरते. अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठाचे प्राध्यापक बेन श्नायडरमन यांचे नाव या विषयात आधी घेतले जाते, पण त्यांना ही मोजणी अपुरी पडते. त्यांचे बरेचसे काम वापरात मुरून गेले आहे. एक्सेलच्या २०१६ च्या आवृत्तीत ट्रीमॅप, म्हणजे लहानमोठ्या चौकटींनी प्रमाण दाखवणारे चित्र, काढणारा कुणी मूळ निबंधाचा उल्लेख करत नाही.

ट्रीमॅपची सुरुवात १९९० ची. त्यांच्या प्रयोगशाळेतली ८० एमबीची हार्ड डिस्क १४ जण मिळून वापरत आणि ती सारखी भरे. जागा कुणी अडवली हे यादीतून कळेना, म्हणून सगळा पडदाच फायलींच्या आकारमानाप्रमाणे चौकटींत वाटून टाकला. १९९२ मध्ये निबंध छापून आला, १९९८ मध्ये शेअर बाजाराचा नकाशा त्याच पद्धतीने इंटरनेटवर आला.

याच प्रयोगशाळेतले मला अधिक महत्त्वाचे वाटणारे काम घर शोधण्याचे. १९९२ च्या सुमारास वॉशिंग्टन परिसरातली विक्रीची घरे नकाशावर ठिपक्यांनी दाखवली आणि किंमत, खोल्यांची संख्या यांच्या पट्ट्या सरकवल्या की ठिपके लगेच कमीजास्त होत. आज गोव्यात फोंड्याला फ्लॅट बघणारा मोबाइलवर बोटाने जे करतो, तेच. १९९६ मध्ये या अनुभवाचे सूत्र झाले: आधी सगळे एका नजरेत, मग जवळ जाणे आणि गाळणे, मग मागेल तेव्हा तपशील.

यानंतरची गोष्ट शब्दाची आहे, आणि मराठीत ती सांगणे अवघड आहे. ॲनालिसिस आणि ॲनालिटिक्स या दोन्हींना आपण विश्लेषणच म्हणतो. ‘दृश्य विश्लेषण’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला नाटकातल्या एखाद्या प्रवेशाची चिकित्सा वाटावी. परदेशात मात्र याच एका शब्दावरून विषयाची वाटणी झाली. २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत अंतर्गत सुरक्षेचा पैसा संशोधनाकडे वळला. २००४ मध्ये त्यासाठी केंद्र निघाले, २००५ मध्ये संशोधनाचा आराखडा आला. पडद्यावरच्या हलत्या, हाताळता येणाऱ्या चित्रांच्या आधाराने तर्क करण्याचे शास्त्र, अशी व्याख्या त्यात ठरली आणि ‘व्हिज्युअल ॲनालिटिक्स’ हे नाव रूढ झाले. वैज्ञानिक चित्रणाची परिषद १९९० पासून होती, माहितीच्या चित्रणाची १९९५ पासून. २००६ पासून या तिसऱ्या नावाचीही वेगळी बैठक भरू लागली.

नव्या नावाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा खरा होता. नोंदी कोटींत गेल्या की पडद्यावर ठिपके मावत नाहीत. आधी यंत्राने गणित करून छाटणी करायची आणि मग माणसाने बघायचे, असे जोडकाम लागते. तरी मला ते नाव निधीच्या दिशेने आलेले वाटते. त्यात समोरचा माणूस बदलला. १९९२ मध्ये तो घर घेणारा साधा नागरिक होता, २००५ मध्ये गुप्तवार्ता खात्यातला प्रशिक्षित विश्लेषक. श्नायडरमन यांच्या गटाने १९९६ पासून रुग्णाच्या नोंदी कालरेषेवर मांडल्या. तो धागा पुढे हजारो रुग्णांपर्यंत गेला तेव्हा ते चित्रण की ॲनालिटिक्स, हा प्रश्न निबंध पाठवताना पडू लागला, आणि एकाच माणसाचा प्रभाव दोन खात्यांत विभागून मोजला गेला. २०२१ मध्ये तिन्ही परिषदा एकत्र झाल्या. हा निर्णय दहा वर्षे आधी व्हायला हवा होता.

साधा नागरिक की प्रशिक्षित विश्लेषक, हा फरक गोव्यात परका नाही. कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा २००६ चा प्रादेशिक आराखडा लोकांनी रस्त्यावर उतरून हाणून पाडला आणि २००७ च्या सुरुवातीला तो मागे घ्यावा लागला. तेव्हापासून गावोगावी नकाशे वाचले जाऊ लागले. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा हातात घेऊन आलेल्या शेतकऱ्याला राज्याचा रंगीत नकाशा आधी दिसतो, मग तालुका, मग गाव. त्याला हवा असतो स्वतःचा सर्वे नंबर आणि त्यावर पडलेला रंग. म्हणजे १९९६ च्या सूत्राची शेवटची पायरी. २०२१ च्या मार्चमध्ये किनारपट्टी आराखड्याची सुनावणी झाली तेव्हा नकाशे होते, जवळ जाऊन बघताही येत होते. पण खाजन शेती (खाडीकाठची, बांध घालून राखलेली), बांध, मानशी (खाऱ्या पाण्याची दारे) आणि मच्छीमारांचे वाडे त्यांवर नीट आलेच नाहीत, ही तक्रार लोकांनी मांडली. तपशील मागणारा होता, खाली द्यायला नोंदच नव्हती.