ठगांचा फास, पारध्यांचा फास

1860 च्या दंड संहितेत कलम 310 होते. त्यात ‘ठग’ कोणाला म्हणायचे ते लिहिले होते: खून करून लुटण्यासाठी किंवा मुले पळवण्यासाठी इतरांशी नेहमीची संगत ठेवणारा. पुढच्याच कलमात शिक्षा, जन्मठेप. 1 जुलै 2024 ला नवी न्याय संहिता लागू झाली आणि ही दोन्ही कलमे गेली. कुणाच्या लक्षातही आले नाही. खुनांची मालिका करणाऱ्यांसाठी आपल्याकडे खास कायदा असा तेवढाच होता. एरवी एकाच माणसाने दहा खून केले तरी ते दहा वेगळे गुन्हे. ‘सिरियल किलर’ हा शब्द वर्तमानपत्रांचा, आरोपपत्रात त्याला जागा नाही.

रुमाल, गूळ, भवानी, प्रवाशांशी सलगी या गोष्टी सर्वांनी ऐकलेल्या आहेत, त्यात शिरत नाही. विदर्भापुरते सांगायचे तर नागपूरहून शिवनीमार्गे जबलपूरकडे जाणारी वाट ही ठगांची हक्काची वाट होती. रजेवर उत्तरेकडे घरी निघालेले पलटणीतले शिपाई हे त्यांचे आवडते गिऱ्हाईक. कमरेला वर्षाचा पगार, आणि माणूस घरी पोचला नाही तर पलटणीला वाटणार की पळाला. 1810 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सरसेनापतीने रोकड बाळगू नका, हुंडी करा, असा हुकूम शिपायांसाठी काढला, तो याच कारणाने. तेव्हा नागपूर भोसल्यांचे आणि वऱ्हाड निजामाचे, म्हणजे खून एका राज्यात आणि खुनी दुसऱ्या राज्यात. खटला चालवायचा कुठे आणि कुणी, हाच पहिला पेच.

तो पेच जबलपूरच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ज्या रीतीने सोडवला, ती रीत मला ठगांपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. पकडलेल्या ठगाला फाशी टळेल असे सांगून माफीचा साक्षीदार करायचे. तो साथीदारांची नावे देणार, पुरलेली हाडे दाखवणार, घराण्यांच्या वंशावळी सांगणार. 1826 ते 1835 या काळात अशा साक्षींवर दीड हजारांच्या वर माणसांवर खटले चालले. हाडे निघाली, हे खरे आहे. पण नाव घेतले गेलेला प्रत्येक जण त्या खड्ड्याशी होता का, हे सांगणारा बहुतेक वेळा तोच साक्षीदार, आणि त्याची मान त्याच्या सांगण्यावर टिकून. (अवधच्या एका ठगाच्या नावावर इंटरनेटवर 931 खून चिकटवलेले असतात. त्याच्याच जबानीत स्वतःच्या हातचे म्हणून सव्वाशेच्या आसपास आहेत. हेही काही थोडे नाहीत, पण आकडा कसा फुगतो ते पाहावे.)

मग आला 1836 चा तिसावा कायदा. जेमतेम काही ओळींचा. ठगांच्या कुठल्याही टोळीत जो ‘होता’ असे सिद्ध होईल, मग कायद्याच्या आधी असो की नंतर, कंपनीच्या मुलखात असो की बाहेर, त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप. कुठला खून, कुणाचा, कधी, हे दाखवण्याची गरज उरली नाही. न्यायाधीशाला कोर्टाच्या मौलवीच्या फतव्यासाठी, म्हणजे मुस्लिम कायद्यानुसारच्या मतासाठी, थांबायचे कारण राहिले नाही. पुढच्या वर्षी आणखी एक कायदा करून शिक्षा झालेल्या गुन्हेगाराची साक्षही ग्राह्य ठरवली. ‘काय केले’ याऐवजी ‘कुणातला आहे’ हा प्रश्न कोर्टात बसला. बेवारस प्रेतांपुढे दुसरा उपाय नव्हता असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. तरी ठग संपले, ‘कुणातला आहे’ हा प्रश्न मात्र मागे राहिला.

शब्दांचा गुंता यातच आहे. मराठीत ठक म्हणजे लबाड, ठकवणारा. त्यात खून नाही. दक्षिणेत याच लोकांना फासेगार म्हणत, गळफास देणारे म्हणून. आणि आपल्याकडे अमरावती-यवतमाळ भागात फासेपारधी आहेत. त्यांचा फास वेगळा. बांबूच्या बारीक खुंट्या ओळीने रोवायच्या, प्रत्येकीला तातीची सरकगाठ, आणि तितरांना हळूहळू त्या ओळीकडे हाकायचे. पक्ष्याची मान अडकते. ठगाचा रुमाल माणसाच्या गळ्यासाठी, एका टोकाला गाठ मारलेला. दोन्हींचा संबंध काहीएक नाही. पण लहानपणी आमच्या गावच्या म्हाताऱ्या पोलीस पाटलाकडून मी ऐकलेले आहे: “ते वाटसरूले फास लावत, म्हून फासेपारधी.” त्याने ते कुठे ऐकले असेल कोण जाणे. बेड्यावरच्या, म्हणजे पारध्यांच्या वस्तीतल्या, पोरांना शाळेत हेच ऐकून घ्यावे लागते.

1871 चा गुन्हेगार जमाती कायदा ठगांच्या अनुभवावरच उभा राहिला. सुताराचा मुलगा सुतार, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार, असा त्यामागचा युक्तिवाद. 1911 मध्ये तो देशभर लागू झाला आणि त्याच्या यादीत पारध्यांचेही नाव चढले. हजेरी, ठशांच्या नोंदी, गाव सोडायलाही परवानगी काढावी लागे. ठगांच्या बंदोबस्तासाठी काढलेले ठगी खाते 1904 मध्येच बंद झाले होते. याद्या मात्र वाढत राहिल्या. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता. मग महाराष्ट्राच्या वाट्याला सराईत गुन्हेगारांचा 1959 चा कायदा आला. त्यात जातीचे नाव नाही. ठाणेदाराला ते लागतही नव्हते. कुठे शेळी चोरीला गेली की गाडी आधी बेड्यावर.

ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले, आणि तुरुंगाचे नियम दुरुस्त करायला राज्यांना तीन महिने दिले. विमुक्त जमातींच्या, म्हणजे त्या जुन्या यादीतून सुटलेल्या जमातींच्या, माणसांना मनमानी अटक होऊ नये, असे त्याच निकालात पोलिसांनाही बजावले आहे.