फरशी नंतर, हात आधी

घरात बाळ येणार म्हटलं की सफाईला ऊत येतो. पडदे धुतले जातात, जळमटं निघतात, फरशी दिवसातून तीनदा जंतुनाशक टाकून पुसली जाते. मग बाळ घरी येतं, भेटायला माणसं येतात. त्यातलं कुणीतरी चपला काढून सरळ पाळण्यापाशी जातं, बोटाने बाळाची हनुवटी हलवतं, गालाचा मुका घेतं. नाक जरा सुरसुरत असतं, पण ‘हवा बदललीय, दुसरं काही नाही’. फरशी चकचकीत आहे, आणि बाळ पुढचे काही महिने तिच्यावर रांगायला उतरणारही नाही. गालाचा आणि बोटाचा संबंध मात्र आत्ताच आला.

नवजात बाळाभोवती किती स्वच्छता हवी, या प्रश्नात ‘किती’पेक्षा ‘कुठे’ला जास्त महत्त्व आहे. ते का, हे समजण्यासाठी बाळ कोणत्या तयारीनिशी जगात येतं ते पाहायला हवं.

गर्भाशयात बाळ जंतूंपासून जवळजवळ अलिप्त असतं. जन्माच्या वाटेवर आणि नंतरच्या काही तासांत त्याच्या त्वचेवर, तोंडात, आतड्यात जिवाणूंची वस्ती सुरू होते. त्या वेळी बाळाकडे असते ती आईची शिदोरी. ‘आयजीजी’ प्रकारचे प्रतिपिंड, म्हणजे जंतूंना ओळखून अडवणारी प्रथिनं, वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात, आणि त्यातले बहुतेक गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. लवकर जन्मलेल्या बाळाची शिदोरी म्हणूनच अपुरी असते. शिवाय आई देऊन देऊन काय देणार, तर तिच्या शरीराने ज्यांच्याशी झुंज दिली आहे किंवा ज्यांची लस घेतली आहे, त्याच जंतूंचे प्रतिपिंड. गरोदरपणात डांग्या खोकल्याची लस देतात ती याच हिशोबाने. जन्मानंतर दुधातून ‘आयजीए’ प्रतिपिंड मिळत राहतात. ते आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात.

बाळाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा नुसती ‘कच्ची’ नसते, ती मुद्दाम सौम्य असते. पहिल्या काही दिवसांत अब्जावधी जिवाणू आतड्यात वस्तीला येणार; त्या प्रत्येकावर ती तुटून पडली तर आतड्याची आग होईल. म्हणून ती बरंच काही चालवून घेते. याची किंमत अशी, की खरोखर घातक जंतू आला तर त्यालाही मोकळं रान मिळतं. मोठ्या माणसात घशापुरता राहणारा संसर्ग नवजात बाळात काही तासांत रक्तात पसरू शकतो, आणि त्याची लक्षणंही धड दिसत नाहीत. बाळ दूध ओढत नाही, मलूल पडतं, कधी तापण्याऐवजी गारच पडतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक भरला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरकडे न्यायचं असतं, ते यामुळे. २०२२ मध्ये जगभरात सुमारे २३ लाख बाळं जन्माच्या पहिल्याच महिन्यात दगावली. अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि बाळंतपणातल्या अडचणी यांच्याबरोबरच संसर्ग हे त्याचं एक मोठं कारण असतं.

हे घातक जंतू येतात कुठून? बहुतेक वेळा माणसांकडून, आणि त्यातही हातांवरून.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरला हे फार महागात समजलं. तिथल्या एका प्रसूतिकक्षात वैद्यकीय विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या कक्षात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रिया कितीतरी जास्त. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येत, हे सेमेलवाइसच्या ध्यानात आलं. १८४७ च्या मे महिन्यात त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये त्या कक्षात शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण सुमारे दोनवर आलं. भिंती तशाच होत्या, खाटा त्याच होत्या. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा कुणी सिद्धही केलं नव्हतं. (सहकाऱ्यांनी त्याचं ऐकलं नाही. आपलेच हात दोषी आहेत हे कबूल करणं डॉक्टरांनाही जड जातं.)

तेव्हा बाळाला उचलण्याआधी, दूध पाजण्याआधी आणि लंगोट बदलल्यावर साबणाने वीसेक सेकंद हात धुणं, याला तोड नाही. साबण साधा चालतो. जंतुनाशक म्हणून विकले जाणारे साबण साध्या साबणापेक्षा सरस असल्याचा पुरावा कंपन्यांना देता आला नाही, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ रसायनं अशा साबणांतून काढायला लावली.

हातांनंतर नंबर तोंडाचा आणि श्वासाचा. ओठावर ज्वराचा फोड असलेल्या माणसाने बाळाचा मुका घेणं ही किरकोळ गोष्ट नाही. तो फोड आणणारा, नागिणीच्या नात्यातला हर्पिस विषाणू नवजात बाळाच्या मेंदूपर्यंत पोचू शकतो. डांग्या खोकला मोठ्या माणसाला नुसता चिवट खोकला वाटतो. तान्ह्या बाळाला खोकलाही येत नाही कधीकधी, त्याचा श्वासच मधूनमधून थांबतो. सर्दी-खोकला असलेल्याला ‘नंतर या’ म्हणण्यात संकोच वाटतो खरा, पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत तो वाटू देऊ नये. आईला सर्दी झाली तर मात्र दूध तोडायचं नाही. मास्क लावून, हात धुऊन पाजायचं. तिच्या शरीराने त्याच विषाणूविरुद्ध बनवलेले प्रतिपिंड त्या दुधातून बाळाला मिळतात. आणि बाहेर जाऊन सिगरेट ओढून आलेल्याच्या कपड्यांना, केसांना धुराची विषारी पुटं चिकटलेली असतात. ती पुसणारं फिनेल कुठलंही नाही.

आता धुळीकडे वळू, कारण इथे चित्र उलटं होतं.

१९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने, १९५८ च्या मार्चमधल्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या १७ हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना पराग-ॲलर्जी कमी, असं त्याला दिसलं. लहानपणी संसर्ग कमी झाल्याने ॲलर्जी वाढत असावी, हा त्याचा तर्क ‘हायजीन हायपोथिसिस’ (स्वच्छतेचं गृहीतक) म्हणून गाजला. माझ्या मते हे नाव फार दुर्दैवी ठरलं. त्यातून ‘घाण चांगली, आजारी पडू द्या’ असा अर्थ लोकांनी काढला. पुढच्या संशोधनाने तर्काची दिशाच बदलली. २००३ मध्ये ग्रॅहम रुक यांनी ‘जुने मित्र’ ही कल्पना मांडली. माती, जनावरं, झाडं, आईचं शरीर यांच्यातले जे निरुपद्रवी सूक्ष्मजीव लाखो वर्षं माणसाच्या सोबत आहेत, ते प्रतिकारयंत्रणेला ‘हे सोडून दे’ असं शिकवतात. गोवर किंवा कॉलरा त्यांत येत नाहीत. ते दाट वस्तीबरोबर अलीकडे आलेले शत्रू.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांची तुलना प्रसिद्ध झाली. आमिश आणि हटराइट, दोघांचं मूळ युरोपात, राहणी पुष्कळ सारखी. पण आमिश जुन्या पद्धतीने शेती करतात, गोठा घराला लागून आणि मुलं त्यात खेळतात. हटराइटांची शेती यंत्रांची आणि घरापासून दूर. शाळकरी मुलांमध्ये दम्याचं प्रमाण आमिशांत सुमारे ५ टक्के, तर हटराइटांत २१ टक्के. आमिश घरांतल्या धुळीत जिवाणूंच्या आवरणाचे अंश जवळजवळ सातपट होते. ती धूळ उंदरांच्या नाकात सोडली तेव्हा त्यांना दम्यासारखा त्रास कमी झाला. आणखी एका प्रयोगात, २०१२ मध्ये, पूर्ण जंतूमुक्त वाढवलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत आणि आतड्यांत दाह पेटवणाऱ्या पेशींची गर्दी आढळली. पिल्लं तान्ही असतानाच त्यांना साधे जिवाणू मिळाले तर ती गर्दी होत नसे. मोठेपणी देऊन काही उपयोग नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, तरीही शिकवणीचा काळ सुरुवातीचाच असतो हे यातून दिसतं.

म्हणून घर घरासारखं असू द्यावं. केर काढावा, साध्या पाण्याने नाहीतर साध्या साबणाच्या पाण्याने पुसावं, खिडक्या उघडाव्यात. घरातलं निरोगी, लसी दिलेलं कुत्रं हाकलायची गरज नाही. फक्त त्याला बाळाजवळ एकटं सोडू नये. उग्र वासाचे फवारे टाळावेत. कॅनडातल्या दोन हजारांवर मुलांच्या अभ्यासात, बाळ तीन-चार महिन्यांचं असताना ज्या घरांत सफाईची रसायनं जास्त वापरली जात, तिथल्या मुलांत तिसऱ्या वर्षापर्यंत दम्याचं प्रमाण अधिक आढळलं. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. पण फायदा नसलेली गोष्ट सोडायला एवढं पुरे. ब्लीच आणि आम्लयुक्त क्लीनर एकत्र करणं तर सरळ धोक्याचं, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

खुद्द बाळालाही धुवायची घाई नको. जन्मतः अंगावर असलेला पांढरा, लोण्यासारखा थर म्हणजे व्हर्निक्स. तो कातडी मऊ ठेवतो आणि त्यात जंतूंना रोखणारी प्रथिनं असतात. पहिली अंघोळ निदान २४ तास लांबवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याने बाळ गारही पडत नाही. नाळ कोरडी आणि उघडी ठेवायची. तिच्यावर काहीही थापायचं नाही, कारण धनुर्वाताचे जंतू याच वाटेने शिरतात. डॉक्टरांनी काही लावायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. एक-दोन आठवड्यांत ती आपोआप गळते.

खरी कडक शिस्त लागते ती बाटलीला. दुधाचा चिकटलेला अंश म्हणजे जिवाणूंना पंगत. बाटली वरचं दूध देण्यासाठी असो की आईचं काढून ठेवलेलं, प्रत्येक वेळी सुटी करून धुवावी, आणि पहिले दोन महिने रोज उकळावी. पावडरचं दूध मुळात निर्जंतुक नसतं. क्रोनोबॅक्टर नावाचा दुर्मिळ पण जीवघेणा जिवाणू कोरड्या पावडरीत तग धरतो, म्हणून पाणी निदान ७० अंश सेल्सिअस तापमानाचं वापरून, मग निववून, ताबडतोब पाजायचं. दोन तासांवर राहिलेलं फेकायचं. मध तर स्वच्छ बरणीतला, शुद्धातला शुद्ध असला तरी वर्षाच्या आत नाही. त्यात बोट्युलिझम या लुळं पाडणाऱ्या विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांचं आतडं त्यांना रुजू देत नाही, तान्ह्याचं देतं.

अपुऱ्या दिवसांचं किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असलेलं बाळ असेल तर यातली सूट फार जपून घ्यावी, आणि ती डॉक्टरांना विचारूनच.

सहा-सात महिन्यांनी बाळ फरशीवर येतं, आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. तोवर पहिल्या लसी झालेल्या असतात, आतड्यातली वस्ती बरीच स्थिरावलेली असते. तेव्हा खाली पडलेली चोखणी साध्या पाण्याखाली धरली तरी चालते. स्वीडनमधल्या १८४ बाळांच्या अभ्यासात तर काही पालक ती स्वतःच्याच तोंडात घालून साफ करत होते, आणि दीड वर्षाच्या वयात त्यांच्या मुलांना इसब कमी होता. दातांचे डॉक्टर मात्र यावर नाक मुरडतात. पालकांच्या लाळेबरोबर दात किडवणारे जिवाणूही जातात.