अडीच सेकंदांत न मावणारा ठेका

सुरुवात रेकॉर्डच्या खरखरीने होते. मग एक जडशीळ ड्रम, मिनिटाला ऐंशी-पंच्याऐंशी ठोक्यांच्या लयीत. त्यावर कुठल्या तरी जुन्या रेकॉर्डवरून उचललेले इलेक्ट्रिक पियानोचे दोन-तीन स्वर, तेच ते, फिरून फिरून. मध्येच कुणा गायिकेचा अर्धा तुटलेला शब्द. सॅम्पलवर, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणातून उचललेल्या तुकड्यांवर, उभं राहिलेलं डाउनटेम्पो, म्हणजे संथ लयीचं संगीत नावानिशी माहीत नसलं, तरी अभ्यासाला बसताना लावलेल्या एखाद्या प्लेलिस्टमधून ते कानावरून गेलेलं असतंच.

त्याच्याबद्दल लिहिताना ‘आळसावलेलं’, ‘धूसर’, ‘उबदार’ ही विशेषणं हटकून येतात. जणू कुणीतरी आधी मूड ठरवला आणि मग त्याला साजेसे आवाज शोधले. प्रत्यक्षात आधी आल्या त्या अडचणी. यंत्राची मेमरी तुटपुंजी, तबकडीचा वेग बदलला की सूरही बदलणार, आणि डोक्यावर कोर्टाची टांगती तलवार. मूड त्यातून मागाहून निघाला.

नोंदवलेला आवाज कापून-जोडून त्यातून रचना करण्याचा धागा मागे १९४८ च्या पॅरिसपर्यंत जातो. फ्रेंच रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफेरने बातिन्योल स्थानकावर आगगाड्यांचे आवाज नोंदवले, त्यांचीच एक रचना केली, आणि ५ ऑक्टोबर १९४८ ला ती रेडिओवरून ऐकवली. टेप त्याच्या हाती यायची होती. सगळं काम तबकड्यांवर चाललं होतं. त्यात त्याला एक युक्ती सापडली. खाचेचं शेवटचं टोक पुन्हा सुरुवातीला जोडून दिलं, की सुई त्याच वर्तुळात फिरत राहते. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीची एक फेरी ०.७७ सेकंदांची. फेरीला एक ठोका धरला तर मिनिटाला ७८ ठोके, म्हणजे नेमकी डाउनटेम्पोची लय! योगायोगच हा, शेफेरला ठेक्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण लूप म्हणजे काय, ते या बंद खाचेइतकं उघड दुसरीकडे कुठे दिसत नाही.

ठेक्याशी देणंघेणं असलेली मंडळी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये होती. ११ ऑगस्ट १९७३ ला १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या हॉलमध्ये एका मुलीने पार्टी ठेवली आणि रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ उभा राहिला. तो डीजे कूल हर्क. गाण्यात बाकीची वाद्यं थांबून नुसता ड्रम उरतो त्या जागेला ‘ब्रेक’ म्हणतात. नाचणारे त्या काही सेकंदांचीच वाट पाहतात, हे हर्कने हेरलं होतं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घ्यायच्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवर तोच सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. यंत्राशिवाय, दोन हातांनी चालवलेला लूप होता तो.

हर्क जन्माने जमैकाचा. तिकडे किंग्स्टनमध्ये किंग टबीसारखे तंत्रज्ञ गाण्यातला आवाज काढून टाकत, ड्रम आणि बेस तेवढे ठेवत, आणि मधल्या रिकाम्या जागेत एखादा शब्द इकोमध्ये सोडून देत. त्याला डब म्हणतात. डाउनटेम्पोतली ती रिकामी, घुमणारी जागा तिथून आलेली आहे. डब बाजूला ठेवून सांगितलेला या संगीताचा इतिहास मला नेहमी अर्धवट वाटतो.

आता यंत्राकडे. १९७९ मध्ये सिडनीत फेअरलाइट सीएमआय तयार झालं. बाहेरचा आवाज आत घेऊन पट्ट्यांवर वाजवू देणारा तो पहिला विक्रीला आलेला डिजिटल सॅम्पलर मानला जातो. किंमत अशी की तो बड्या स्टुडिओंनीच घ्यावा. सामान्य माणसाच्या हाती काही यायला ऐंशीचं दशक निम्मं सरावं लागलं, आणि त्यातलं सगळ्यात बोलकं यंत्र म्हणजे १९८७ चं ई-म्यू कंपनीचं एसपी-१२००.

याचे आकडे नीट बघण्यासारखे आहेत. आवाजाचं प्रत्येक मोजमाप १२ बिटचं, सेकंदाला अशी २६,०४० मोजमापं (त्यांनाच नमुने म्हणतात), एकूण मेमरी १० सेकंदांची. त्यातही एका तुकड्याला जास्तीत जास्त अडीच सेकंद. चार ठोक्यांची एक बार अडीच सेकंदांत बसवायची तर लय मिनिटाला ९६ ठोके हवी. ८५ च्या लयीत तीच बार २.८२ सेकंदांची होते. म्हणजे संथ ठेक्याची एक अख्खी बारसुद्धा या यंत्रात सरळ मावत नव्हती.

यावर दोन तोडगे निघाले. पहिला, तुकडे पाडण्याचा. किक म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम वेगळा, स्नेअर म्हणजे काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम वेगळा, पियानोचा एक-एक स्वर वेगळा. आणि मग ते बटणांवर मांडून हाताने पुन्हा वाजवायचे. यालाच ‘चॉप’ करणं म्हणतात. एकदा तुकडे झाले की मूळ क्रम पाळायचं बंधन उरत नाही, आणि जुन्या सुरावटीतून नवी निघते.

दुसरा तोडगा निव्वळ काटकसरीचा. ३३ च्या वेगाची रेकॉर्ड ४५ वर लावायची. सगळं १.३५ पट भरभर वाजतं, म्हणून २.८२ सेकंदांचा तुकडा २.०९ सेकंदांत आत जातो. मग यंत्रातच त्याचा सूर पाच-सव्वापाच घरं (घर म्हणजे पियानोवरचा अर्धा स्वर) खाली आणायचा, की तो मूळ वेगावर आणि मूळ सुरात परत येतो. जागा वाचते, पण फुकट नाही. मूळ आवाजाच्या एका सेकंदाला आता जेमतेम १९,३०० नमुने उरतात, आणि त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे साडेनऊ हजार हर्ट्झच्या वरची सगळी चमक गळून पडते. शिवाय सूर खाली आणताना हे यंत्र नमुन्यांची जी कामचलाऊ पुनरावृत्ती करतं, तिच्यातून मूळ आवाजात नसलेली एक किरकिर येऊन बसते. झांजेवर धूळ साचल्यासारखा तो जो आवाज असतो ना, तो हा. त्याला कुणी तेव्हा ‘कॅरेक्टर’ म्हणत नव्हतं. मेमरी वाचली म्हणून हायसं वाटत होतं.

लय आणि सूर एकमेकांना बांधलेले असण्याचा आणखी एक परिणाम झाला, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फंकच्या रेकॉर्डवरचा ११० च्या लयीतला ड्रम ४५ ऐवजी ३३ च्या वेगावर लावला, की तो ८१ वर येतो. सोबत त्याचा सूरही पाच घरं उतरतो. किकचा ‘ठप’ जाऊन ‘धम्म’ होतो, स्नेअर ओल्या पुठ्ठ्यासारखा वाजतो, खोलीचा घुमारा लांबतो. संथ आणि जड हे दोन गुण असे एकाच खटक्याने मिळायचे. टाइम-स्ट्रेचची सोय पुढे अकाई कंपनीच्या सॅम्पलरमध्ये आली, तिने लय बदलूनही सूर जागेवर राहायचा. पण ताणलेल्या आवाजात पत्र्यासारखी थरथर यायची. संथ संगीत करणारे बरेच जण जुन्याच खटक्याला चिकटून राहिले.

१९८८ मध्ये रॉजर लिनने आखलेलं अकाईचं एमपीसी६० हे सॅम्पलर आलं. सोळा रबरी पॅड, सुमारे १३ सेकंदांची मेमरी, आणि स्विंग. स्विंग म्हणजे जोडीतला दुसरा सोळांश ठोका, म्हणजे पाव ठोका, किंचित उशिरा टाकणं. ५० टक्क्यांवर दोन्ही ठोके समान अंतरावर, ६६ वर तीनाच्या झोलात. ८५ च्या लयीत स्विंग ५४ टक्के ठेवला तर दुसरा ठोका फक्त १४ मिलिसेकंद उशिरा पडतो. कागदावर ही रक्कम नगण्य, पण याच १४ मिलिसेकंदांवर मान डोलते की नाही ते ठरतं. लय दुप्पट केली की हा उशीर ७ वर येतो आणि कानाला जवळजवळ लागेनासा होतो. संथ लयीला झोल शोभतो तो यामुळे. पुढे डेट्रॉइटच्या जे डिला या निर्मात्याने ठोके रेषेवर आणून बसवण्याची सोय बंद ठेवून, बोटांनी पडले तसे ते राहू दिले. त्याचं एमपीसी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

याच काळात कोर्टाचा दणका बसला. रॅपर बिझ मार्कीने गिल्बर्ट ओसलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीवाचून वापरला होता. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलातल्या ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेने केली. त्यानंतर परवान्याशिवाय अल्बम बाहेर काढायला कंपन्या कचरू लागल्या. ओळखीच्या गाण्याचा तुकडा महाग झाला, आणि शोध सुरू झाला तो कुणाला न आठवणाऱ्या रेकॉर्डांचा: विस्मरणात गेलेलं जॅझ, सिनेमांचं पार्श्वसंगीत, लायब्ररी म्युझिक म्हणजे सिनेमा-टीव्हीला पुरवायला आधीच करून ठेवलेलं संगीत. सापडलं तरी ते इतकं बारीक चिरायचं की मालकालाही ओळखू येऊ नये. कोड्यासारखं कापलेलं हे संगीत कलात्मक आहेच, पण त्यातला काही भाग वकिलांच्या धाकाने आलेला आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने दोन सेकंदांच्या गिटारच्या कॉर्डलाही परवाना लागेल असं म्हटलं. २०१६ मध्ये दुसऱ्या एका न्यायालयाने ०.२३ सेकंदांचा ब्रासचा फटका क्षुल्लक म्हणून सोडून दिला.

दुसरी बाजूही विसरता येत नाही. ‘अमेन, ब्रदर’ या १९६९ च्या रेकॉर्डवर ग्रेगरी कोलमनने वाजवलेला जेमतेम सात सेकंदांचा ब्रेक हजारो ट्रॅकमध्ये वापरला गेला. कोलमन २००६ मध्ये वारला, तोही बेघर अवस्थेत; त्या सात सेकंदांचं मानधन त्याला कधी मिळालं नाही. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड कोलमनच्या बँडच्या म्होरक्याला दिले. सॅम्पलिंगच्या स्वातंत्र्याची बाजू मी घेतो खरा, पण हा हिशेब आला की माझा आवाज खाली येतो.

इंग्लंडमध्ये या सगळ्याला वळण मिळालं ते ब्रिस्टलमध्ये. वाइल्ड बंच या साउंड सिस्टिममधून, म्हणजे स्वतःचे स्पीकर घेऊन पार्ट्या वाजवणाऱ्या डीजेंच्या टोळीतून, निघालेल्या मॅसिव्ह अटॅक या बँडचा पहिला अल्बम १९९१ चा. डब, सोल आणि ब्रेक तिथे एकाच मंद आचेवर आले. लंडनच्या क्लबांत एव्हाना ‘चिल-आउट’ खोल्या निघाल्या होत्या, रात्रभर नाचून दमलेल्यांना टेकायला. तिथे मुद्दाम संथ काहीतरी वाजवणारे डीजे लागत. कोल्डकट या डीजे-जोडीने १९९० मध्ये निन्जा ट्यून हे लेबल काढलं, व्हिएन्नात क्रुडर आणि डॉर्फमाइस्टर १९९३ पासून आपलं धुरकट काम करू लागले, आणि जून १९९४ मध्ये ‘मिक्समॅग’ मासिकाने या संगीतासाठी ‘ट्रिप-हॉप’ हा शब्द छापला. ज्यांच्यासाठी तो काढला त्यांतल्या बहुतेकांना तो आवडला नाही. तो ज्या डीजे शॅडोला उद्देशून होता, त्याने १९९६ मध्ये एमपीसी६० आणि ढीगभर जुन्या रेकॉर्डांच्या बळावर अख्खा अल्बम उभा केला. संपूर्णपणे सॅम्पलमधून झालेला पहिला अल्बम म्हणून गिनेसने त्याची नोंद घेतली.

पण किस्सा सांगायचा तर पोर्टिशेड या बँडचा. १९९४ च्या पहिल्या अल्बमसाठी त्यांनी दुसऱ्यांचे तुकडे घेतले, तसं स्वतःही वाजवून नोंदवलं. ते ध्वनिमुद्रण त्यांना फार ताजं, फार स्वच्छ वाटलं. मग त्यांनी ते रेकॉर्डवर छापून घेतलं, त्या रेकॉर्डी स्टुडिओच्या जमिनीवर टाकून त्यांवरून चालले, आणि ओरखडे पडलेल्या त्या तबकडीवरून स्वतःचंच सॅम्पल उचललं. जे इतरांच्या गळ्यात अडचण म्हणून पडलं होतं, ते इथे मुद्दाम, मेहनत घेऊन बनवलं जात होतं.

२००१ मध्ये एबलटन लाइव्ह हे संगीत रचण्याचं सॉफ्टवेअर आलं आणि लय-सुराची गाठ माउसच्या एका ओढीने सुटू लागली. मेमरीचा प्रश्न तर केव्हाच मिटला. एसपी-१२०० ची सगळी स्मृती चारशे किलोबाइटच्या आत बसते. आज लॅपटॉपवर असा ट्रॅक करायला बसलो की माझे पहिले काही क्लिक ठरलेले असतात. भाड्याने घेतलेल्या लायब्ररीतला लख्ख पियानो, त्यावर १२ बिटच्या जुन्या यंत्राची नक्कल करणारं प्लगइन, नमुन्यांचा दर २६,०४०, सूर पाच घरं खाली, ड्रम १४ मिलिसेकंद मागे. आणि सगळ्यात खाली एका वेगळ्या ट्रॅकवर, शांततेवर पसरलेली, विकत आणलेली खरखर.